बोक्याचं बिल आणि सोसायटीचा ग्रुप

प्रश्न

ताई, मी 27 वर्षांची आहे. मूळची बार्शीची, धायरीत मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते आणि एका क्लासच्या ऑफिसात नोकरी करते. माझा बोका गुंड्या चार वर्षांचा आहे. शनिवारी तो सारखा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता आणि ओरडत होता. मला वाटलं पोट साफ होत नसेल. रविवारी रात्री तो उलट्या करायला लागला तेव्हा दवाखान्यात नेलं. लघवीचा मार्ग बंद झाला होता. भूल देऊन कॅथेटर (लघवीची नळी) टाकला, सलाईन लावलं. मंगळवारी कॅथेटर काढला आणि बुधवारी परत तेच. आता पुन्हा कॅथेटर आहे आणि डॉक्टर म्हणतात, लघवीची वाट रुंद करायची पीयू सर्जरी करून घ्या. आतापर्यंतचे 22,000 मी साठवलेल्या पैशांतून भरले. पुढचं इस्टिमेट 45,000 आहे. माझ्याकडे उरलेत 9,000. मावसभाऊ 10,000 हातउसने देतोय. सोसायटीच्या ग्रुपवर गुंड्याचा फोटो टाकून ‘कृपया मदत करा’ असं लिहिलं, तर एका काकांनी लिहिलं, ‘एवढ्यात माणसाची अँजिओग्राफी होते.’ मी मेसेज डिलीट केला. बाबा म्हणतात, मांजरासाठी कर्ज काढणारी तू पहिलीच. मांजरासाठी लोकांकडे पैसे मागणं खरंच चूक आहे का? आणि मागायचे तर कसे?

— एक वाचक, धायरी

उत्तर

हे उत्तर सदरात येईपर्यंत गुंड्याला थांबता येणार नाही, म्हणून ते तुला आधीच मेलने पाठवलं. तेच इथे देते, कारण अशी पत्रं हल्ली बरीच येतात.

चूक आहे का, हे नंतर बघू. आधी तुझ्या हातात वेळ किती आहे ते बघ. बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे अगदी अरुंद असते. स्फटिक, चिकट स्राव किंवा नुसती सूज आली तरी ती बुजते. लघवी आत साठली की मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. म्हणून असा बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो आणि म्हणून डॉक्टर रविवारी रात्री ‘सकाळी बघू’ म्हणाले नाहीत. पण आत्ता कॅथेटर आत आहे आणि लघवी वाहते आहे. म्हणजे जिवाशी असलेली गाठ तूर्त सुटली आहे. शस्त्रक्रियेची घाई आहे, पण ती बहुतेक दिवसांची आहे, तासांची नाही. कॅथेटर किती दिवस ठेवता येईल आणि त्यात संसर्गाचा धोका कधी वाढतो, हे डॉक्टरांना सरळ विचार. जे उत्तर येईल तीच तुझी पैसे जमवायची मुदत.

मग इस्टिमेट. 45,000 हा एक आकडा म्हणून घेऊ नकोस, तो फोडून लिहून माग. भूल किती, शस्त्रक्रिया किती, ॲडमिट ठेवायचं रोजचं किती, रक्ततपासण्या किती आणि किती वेळा, औषधं किती. फोडलेल्या बिलावर बोलता येतं, एका आकड्यावर फक्त हो किंवा नाही म्हणता येतं. सोमवारी केलेल्या तपासण्या सगळ्याच पुन्हा लागतील का? सर्जरीनंतर तीनऐवजी दोन रात्री ठेवून पुढची इंजेक्शनं रोज नेऊन-आणून चालतील का? हे प्रश्न रिसेप्शनवरच्या मुलीला विचारू नकोस, तिच्या हातात काही नसतं. दवाखाना ज्यांचा आहे त्या डॉक्टरांना पाच मिनिटं माग आणि म्हण, ‘मला उपचार करायचे आहेत, पैसे जमवतेय, निम्मे आधी आणि निम्मे दोन महिन्यांत चालतील का?’ बरेच डॉक्टर हप्ते देतात. त्याची पाटी मात्र कोणी लावत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: जनावरांच्या दवाखान्यातल्या उपचारांच्या सेवेवर जीएसटी नाही. खाण्याचे डबे तिथून घेतलेस तर त्यावर कर लागेल, पण शस्त्रक्रियेच्या रकमेवर लावला असेल तर विचार.

याच भेटीत आणखी एक विचारून घे. सर्जरी आत्ताच का? एक्स-रे किंवा सोनोग्राफीत खडा दिसलाय का? कॅथेटर या वेळी थोडा जास्त ठेवून, खाणं बदलून, औषधांवर एक संधी घेण्यासारखी आहे का? पीयू सर्जरीत अरुंद भाग काढून रुंद वाट करतात, त्यामुळे पुन्हा बुजण्याची शक्यता बरीच कमी होते. पण मूत्राशयाला सूज येण्याची मूळ सवय त्याने जात नाही आणि पुढे लघवीच्या संसर्गाचा धोका थोडा वाढतो. लागोपाठ दोनदा बुजला म्हणून डॉक्टर सुचवताहेत, ते वावगं नाही. तरी रिपोर्ट आणि एक्स-रेचे फोटो दुसऱ्या नोंदणीकृत पशुवैद्याला दाखव. त्याचा राग चांगल्या डॉक्टरला येत नाही.

आता मागण्याबद्दल. सोसायटीच्या ग्रुपवरचा तुझा मेसेज मी पुन्हा वाचला. फोटो आणि ‘कृपया मदत करा’. यात किती पैसे हवेत ते नाही, कशासाठी ते नाही, कुठे भरायचे ते नाही. वाचणाऱ्याच्या हातात तू फक्त दुःख ठेवलंस, आणि ज्याला दुःखाचं काय करायचं कळत नाही तो अँजिओग्राफीचा हिशोब काढतो. काकांची बाजू घेत नाहीये. त्यांच्या अँजिओग्राफीला कोणी ग्रुपवर मांजरांचे भाव सांगितले तर त्यांनाही नाही आवडणार. पण मेसेज कच्चा होता.

पुण्यात पैसे मागायची एक पद्धत आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे, ती म्हणजे मंडळाची वर्गणी. कार्यकर्ता दारात येतो, पावती फाडतो, आकडा लिहितो आणि नंतर जमाखर्च बोर्डावर लागतो. वर्गणी मागताना कोणाला लाज वाटत नाही, कारण मागणाऱ्याकडे पावतीपुस्तक असतं. तुझी लाज नव्वद टक्के कमी होईल, जर पैसे तुझ्या हातातून गेलेच नाहीत तर. दवाखान्याला विचार: गुंड्याच्या केसपेपरवर वेगवेगळ्या लोकांनी थेट तुमच्या क्यूआरवर पैसे भरले तर चालेल का? बहुतेक हो म्हणतात. मग असं लिही:

‘नमस्कार. माझा चार वर्षांचा बोका गुंड्या रविवारपासून दवाखान्यात आहे. लघवीचा मार्ग दोनदा बंद झाला, आता शस्त्रक्रिया करावी लागणार आहे. आत्तापर्यंतचे 22,000 मी भरलेत. पुढचं लेखी इस्टिमेट 45,000 चं आहे, फोटो सोबत आहे. माझे 9,000 आणि घरातून हातउसने 10,000 धरून 26,000 कमी पडताहेत. शनिवार दुपारपर्यंत हे जमवायचे आहेत. 500 रुपये दिलेत तरी मोठी मदत होईल. पैसे थेट दवाखान्याच्या क्यूआरवर भरा, नोंदीत गुंड्या लिहा आणि स्क्रीनशॉट मला पाठवा. रक्कम पूर्ण झाली की लगेच कळवीन, त्यानंतर कृपया पाठवू नका. अंतिम बिल आणि हिशोब सगळ्यांना पाठवीन. जमणार नसेल तर उत्तर दिलं नाहीत तरी अजिबात चालेल.’

शेवटचं वाक्य गाळू नकोस. नाही म्हणायची वाट मोकळी असली की माणूस हो म्हणायला घाबरत नाही.

26,000 म्हणजे 500 रुपये देणारी 52 माणसं. आकडा असा मोडला की तो डोंगर वाटत नाही. ही माणसं तुला ओळखणारी असली पाहिजेत. कॉलेजचा ग्रुप, जुन्या क्लासमधल्या सहकारी, ज्यांच्या गावाला जाण्याच्या दिवसांत तू त्यांचं मांजर सांभाळलंस ते शेजारी, आणि हो, अमेरिकेतली ती एक चुलत बहीण, जी प्रत्येक पुणेकराला असते. (तिच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर प्रश्न नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मित्रमैत्रिणींकडून पैसे घेण्याआधी सीएला विचार, परदेशी देणगीचे नियम वेगळे आहेत.) आधी दहा-बारा जणांना एकेकट्याला मेसेज कर, ग्रुपवर नंतर टाक. एकेकट्याला आलेल्या मेसेजला माणूस उत्तर देतो. दोनशे फ्लॅटच्या ग्रुपवर प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणी देईल. आणि ग्रुपवर टाकशील तेव्हा आधी जमलेला आकडा लिही. ‘26,000 पैकी 11,000 जमले’ या ओळीने जितके पैसे येतात तितके नळ्या लावलेल्या फोटोने येत नाहीत. फोटो एकच लाव, तोही बऱ्या दिवसातला, खिडकीत लोळत पडलेला वगैरे. इस्टिमेटच्या फोटोवर तुझा पत्ता आणि नंबर असेल तर झाकून घे.

टोमणा आला तर उत्तर देऊ नकोस आणि मेसेजही डिलीट करू नकोस. डिलीट केला की काका जिंकले असं नव्हे, पण जे संध्याकाळी कामावरून येऊन वाचणार होते त्यांनी वाचलाच नाही.

मिलाप, केटोसारख्या, लोकांकडून पैसे जमवून देणाऱ्या वेबसाइटवर मोहीम काढावी का, असं तू विचारलं नाहीस, पण कोणीतरी सुचवेलच. रक्कम दोन-तीन लाखांत असेल आणि हातात काही आठवडे असतील तर काढावी. तिथे कागदपत्रांची पडताळणी होते, पैसे हातात यायला वेळ जातो, आणि मुख्य म्हणजे अनोळखी लोक आपणहून येऊन पैसे देतील असं समजू नये. तिथेही देणारे बहुतेक तुझ्याच ओळखीचे, फक्त रस्ता लांबचा. पैसे देणाऱ्याला तिथे ‘टिप’ म्हणून काही रक्कम आधीच निवडलेली दिसते, ती बदलता येते, हे लोकांना सांगावं लागतं. 26,000 साठी मी तुला तिकडे पाठवणार नाही.

मदतीचा मेसेज फिरला की भामटेही येतात. ‘तुमची मोहीम पसरवतो, 2,000 पाठवा’ म्हणणारे, ‘5,000 पाठवलेत, पिन टाकून स्वीकारा’ म्हणणारे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे तुझ्या खात्यातून जाणार आहेत असं समज.

काही जण तुझ्याच खात्यावर पाठवतील, त्यांना क्यूआरचं जमणार नाही. चालेल, पण वेगळ्या वहीत तारीख, नाव, रक्कम लिही. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळून 50,000 च्या वर रक्कम आली तर ती सगळीच करपात्र उत्पन्नात धरतात. तुझा आकडा त्याच्या साधारण निम्मा आहे, म्हणून काळजी नाही. देणाऱ्यांपैकी कोणी करसवलतीसाठी ‘80जी’ची पावती मागेल, ती फक्त नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, तुला दिलेल्या पैशांवर नाही. तसं स्पष्ट सांग.

संस्थांबद्दल थोडं सांभाळून बोलते. पुण्यात ब्ल्यू क्रॉस आहे, रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे. त्यांचं मुख्य काम रस्त्यावरच्या, कोणी नसलेल्या जनावरांचं. तुला एखादा प्राणीमित्र नक्की सांगेल, ‘रस्त्यावर सापडला म्हण, फुकटात होईल.’ असं करू नकोस. तिथला एक पिंजरा गाडीखाली आलेल्या कुत्र्यासाठी हवा असतो. शिवाय आधीच्या उपचारांचा इतिहास लपवलास तर भूल देताना धोका गुंड्यालाच. खरं सांगून विचारायला हरकत नाही: पाळीव आहे, एवढे पैसे भरलेत, सवलतीत शस्त्रक्रिया करणारं कोणी माहीत आहे का? औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. पुढच्या तपासण्या, टाके वगैरे तिथे कमी खर्चात होतील का ते सकाळी फोन करून विचार. मुंबईला परळच्या बाई साकरबाईंच्या जुन्या जनावरांच्या इस्पितळात ने, असंही कोणी म्हणेल. इस्पितळ नावाजलेलं आहे, पण दोनदा तुंबलेल्या बोक्याला घेऊन घाट उतरायचा धोका या घडीला मी पत्करणार नाही.

कर्जाचं म्हणशील तर क्रम असा: आधी ऑफिसात पगाराची उचल. मग भिशी असेल तर नंबर आधी मिळतो का ते विचार, बायका याबाबतीत फार समजूतदार असतात. मग स्वतःची एखादी चेन असेल तर बँकेत सोनेतारण. क्रेडिट कार्डाचे हप्ते त्यानंतर. आणि फोनवर दहा मिनिटांत पैसे देणारी ॲपं, ती अजिबात नको, कितीही रात्र झाली तरी. व्याज तर आहेच, पण यातली काही ॲपं फोनमधले नंबर उचलतात आणि हप्ता चुकला की तुझ्या ऑफिसात, बाबांना, त्या अँजिओग्राफीवाल्या काकांनासुद्धा फोन जातात.

बाबा. तू त्यांच्याशी मांजर श्रेष्ठ की माणूस यावर भांडतेयस असं पत्रावरून वाटतं. ते भांडण संपणारं नाही. माझ्या मते ते बोक्यावर चिडलेले नाहीत, मुलगी परगावी एकटी कर्जात अडकेल म्हणून घाबरलेत. त्यांना आकडा सांग: भावाचे 10,000, महिन्याला 2,500, चार महिन्यांत फिटतील, बाकी कोणाचं देणं नाही. बार्शीतल्या माणसाला हप्ता कळतो.

आणि मूळ प्रश्न. नाही, चूक नाही. तू कोणाच्या ताटातलं ओढून घेत नाहीयेस. ज्याला द्यायचं नाही तो देणार नाही, आणि जो तुझ्या बोक्याला 500 देतो त्याने ते एरवी अँजिओग्राफीला दिले असते असंही नाही. चूक कशात होऊ शकते ते सांगते: आकडा फुगवण्यात, उरलेले गप्प ठेवून घेण्यात, आणि थांबायची रेघ न ठरवण्यात. ही शेवटची गोष्ट आजच ठरव, पैसे यायला लागण्याआधी. सर्जरीनंतर गुंतागुंत झाली तर तू आणखी किती जाऊ शकतेस? डॉक्टरांना विचार, ‘तुमचा स्वतःचा बोका असता तर तुम्ही कुठे थांबला असता?’ या आजारात वेळेत पोचलेले बहुतेक बोके बरे होऊन घरी जातात, त्यामुळे आज ही वेळ आलेली नाही. पण मूत्रपिंडांनीच साथ सोडली आणि डॉक्टर म्हणाले की आता फक्त यातना आहेत, तर कायमचं झोपवण्याचा निर्णय घेणारी तू दुष्ट ठरत नाहीस, आणि लोकांनी दिलेले पैसेही वाया गेले असं होत नाही. तो निर्णय लोकांच्या 52 स्क्रीनशॉटच्या दडपणाखाली घ्यायला लागू नये, म्हणून रेघ आधी. उरले तर काय करणार तेही मेसेजमध्येच एका ओळीत टाक: परत हवे असतील त्यांना परत, बाकीचे ब्ल्यू क्रॉसला.

इतर वाचकांसाठी, ज्यांच्या घरी बोका आहे: तो सारखा ट्रेमध्ये बसतोय, ओरडतोय, मागचा भाग चाटतोय आणि ट्रे कोरडा आहे, तर ते पोट नसतं. दुधात तूप घालून वाट बघू नका, त्याच रात्री न्या. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका, मांजरासाठी ती विष आहे. पेट इन्शुरन्स घ्यायचा तर तो निरोगी असतानाच. आधीपासूनचा आजार त्यात साधारणपणे धरत नाहीत, त्यामुळे गुंड्याला आता या आजारासाठी त्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी महिन्याला 500 बाजूला टाकणं हाच विमा. पाण्याच्या वाट्या घरात दोन-तीन ठिकाणी ठेव आणि कोरड्या दाण्यांऐवजी ओलं खाणं, डॉक्टर सांगतील ते.

सर्जरी झाली की जखम चाटू नये म्हणून दोनेक आठवडे गळ्यात कॉलर राहील, गुंड्या कितीही केविलवाणा दिसला तरी ती काढू नकोस. ट्रेमध्ये नेहमीची माती नको, ती जखमेला चिकटते. वर्तमानपत्राचे कपटे टाकायचे. भरपूर लागतात. तेव्हा या महिन्यात रद्दीवाल्याला काही देऊ नकोस, आणि शेजारच्यांचीही मागून ठेव.